सातारा-सांगलीच्या शिवारात परजीवी माश्या पाहताना: नवख्यांसाठी मार्गदर्शक

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मित्रकीटक म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ढालकिडा, क्रायसोपा किंवा ट्रायकोकार्ड (परजीवी गांधीलमाशीच्या प्रसारासाठी शेतात लावायचे कार्ड) येते. माशी सहसा येत नाही. माशी म्हणजे घाण, रोग किंवा फळमाशीसारखे नुकसान, हा समज इतका पक्का आहे की तुरीच्या शेंड्यावर येरझाऱ्या घालणारी, अंगभर राठ केस असलेली करडी माशी घाटे अळीच्या शोधात आलेली आहे, हे सांगूनही पुष्कळांना पटत नाही. टॅकिनिडी या कुळात अशा माश्यांच्या ८,५०० हून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे आणि या कुळातील माश्यांच्या अळ्या दुसऱ्या कीटकांच्या, क्वचित इतर संधिपाद प्राण्यांच्या, शरीरात वाढतात. गोचीड किंवा ऊ आपल्या यजमानाला सहसा जिवंत ठेवते. या माशीची अळी मात्र यजमानाला आतून खात मोठी होते आणि तिची वाढ पुरी होईपर्यंत यजमानाचा शेवट झालेला असतो. पतंगांच्या आणि फुलपाखरांच्या अळ्या हे तिचे मुख्य यजमान असले, तरी भुंगेरे, ढेकूणवर्गीय किडी आणि नाकतोडे यांच्यावर वाढणाऱ्या जातीही आहेत.

नवखा निरीक्षक बहुधा जाळी घेऊन उडणाऱ्या माशीच्या मागे लागतो आणि दिवसाअखेरीस हाती आलेली माशी कोणती हे त्याला कळत नाही. या लेखाचा आग्रह त्याच्या उलट आहे. माशीपेक्षा अळी पाहावी. ती कोणत्या झाडावर होती, तिच्या अंगावर काय चिकटले होते आणि बरणीत ठेवल्यावर तिच्यातून काय बाहेर पडले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून माशीची ओळख जितकी पक्की होते, तितकी ती पंख आणि रंग पाहून होत नाही.

पहिली पायरी: काय पाहायचे आहे ते ठरवणे

परजीवी जीवनक्रम असलेल्या माश्यांची कुळे बरीच आहेत, परंतु सुरुवातीला चार गट ध्यानात ठेवले तरी पुरेत. टॅकिनिड माश्या हा पहिला आणि सर्वांत मोठा गट असून पुढील बहुतेक मजकूर त्यांच्याविषयीच आहे. दुसरा गट बॉम्बिलिड माश्यांचा. या माश्या केसाळ आणि मधमाशीसारख्या दिसतात, हवेत एका जागी स्थिर राहतात आणि त्यांच्यापैकी अनेकींची सोंड लांब असते. काहींची मादी जमिनीतील एकांड्या मधमाश्यांच्या बिळांवर तरंगत राहून वरूनच अंडी आत फेकते, तर काहींच्या अळ्या नाकतोड्यांच्या जमिनीतील अंडीपुंजांवर वाढतात. तिसरा गट पिपन्क्युलिड माश्यांचा. इवल्याशा आणि जवळजवळ सगळे डोके डोळ्यांनीच व्यापलेल्या या माश्या तुडतुडे आणि त्यांच्या नातलग किडींवर वाढतात. चौथ्या, म्हणजे कोनोपिड गटातल्या माश्या उडत्या मधमाश्यांना आणि गांधीलमाश्यांना गाठून त्यांच्या शरीरात अंडे घालतात. त्यांना उपकारी म्हणावे का, हा प्रश्न मधपाळाला विचारल्यास उत्तर नकारार्थीच येईल.

येथे एक घोटाळा टाळावा. फुलांवर तरंगणाऱ्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिर्फिड माश्या मित्रकीटक खऱ्या, पण त्यांच्यातील मावा खाणाऱ्या जाती परभक्षी आहेत, परजीवी नव्हेत. २००२ साली सांगली जिल्ह्यातील उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी कीटकांबरोबर सिर्फिड माशीच्या अळ्याही माव्याच्या वसाहतींत आढळत होत्या. ती अळी एकामागून एक मावा पकडून खाते. परजीवी माशीच्या अळीचे मात्र सारे आयुष्य एकाच यजमानात जाते.

दुसरी पायरी: हंगाम आणि जागा

या दोन जिल्ह्यांत एकाच दिवसाच्या प्रवासात पावसाचे चित्र पार बदलते. महाबळेश्वर-कोयनेकडचा सह्याद्री पावसात बुडालेला असतो, त्याच दिवशी माण, खटाव, आटपाडी आणि जत कोरडे असू शकतात. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांना मिळून एकच वेळापत्रक देता येत नाही. तरीही नवख्याने पहिली फेरी पावसाचा जोर ओसरल्यानंतर, भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतच्या काळात काढावी, असे मी सुचवतो. या काळात सोयाबीन, मका, तूर आणि बांधावरचे गवत यांवर अळ्या भरपूर असतात, रानफुलांचा मध उपलब्ध असतो आणि सकाळचे ऊन माश्यांना मानवते. त्यानंतर हरभऱ्याच्या हंगामात घाटे अळीच्या निमित्ताने पुन्हा चांगली संधी मिळते.

प्रौढ माशी मधावर आणि माव्यासारख्या किडींनी टाकलेल्या गोड चिकट द्रवावर जगते. तिची सोंड आखूड असल्यामुळे तिला उघडी, उथळ फुले सोयीची पडतात. परसात फुलावर सोडलेली कोथिंबीर, शेपू, बडीशेप आणि बियाण्यासाठी राखलेले गाजर यांचे छत्रीसारखे फुलोरे हा या दृष्टीने सर्वांत सोपा ठिकाणा आहे. सकाळी दव उतरल्यावर अशा एकाच वाफ्यापाशी शांतपणे बसून राहिल्यास जे दिसते, ते दिवसभर रानोमाळ हिंडून दिसेलच असे नाही. बांधावरची एकदांडी आणि ओसाडी याही चालतात.

डोंगरमाथे ही दुसरी जागा, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. टॅकिनिड माश्यांच्या अनेक जातींचे नर परिसरातील उंच माथा गाठून तिथल्या खडकावर किंवा झुडपाच्या पानावर उन्हात बसतात आणि मादीची वाट पाहतात. एखाद्याला हुसकावले तरी तो थोडे फिरून पुन्हा जवळजवळ त्याच जागी येऊन बसतो, त्यामुळे छायाचित्र काढायला हा प्रकार फारच सोयीचा आहे. साताऱ्यात अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा माथा, सांगलीकडे मिरजेजवळचा दंडोबा अशा ठिकाणी सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान माथ्यावरच्या झुडपांची टोके आणि मोकळे दगड पाहावेत. चढताना वाटेवर काही दिसले नाही म्हणून परत फिरू नये. या नरांचा सारा व्यवहार माथ्यावरच चालतो.

कास आणि आसपासच्या जांभ्याच्या सड्यांसारख्या उघड्या, तापणाऱ्या जमिनीवर बॉम्बिलिड माश्या शोधाव्यात. मात्र कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे आणि फुलांच्या काळात तिथे गर्दी असते. आखलेली वाट सोडून फुलांत उतरणे हे कोणत्याही माशीसाठी समर्थनीय नाही.

शेतांपैकी तासगाव भागातील द्राक्षबागा नवख्याने सुरुवातीला वगळाव्यात. तिथे फवारण्या इतक्या जवळजवळ होतात की प्रौढ माश्या टिकण्याची शक्यता कमी, आणि नुकत्याच फवारलेल्या वेलींत हात घालणे पाहणाऱ्यालाही घातक. त्याऐवजी कमी फवारणीचा मका, तुरीच्या ओळी, बांधावरची रुई आणि परसातला लिंबू किंवा कढीपत्ता हे उत्तम. शेत कोणाचेही असो, मालकाला विचारूनच आत जावे आणि शेवटची फवारणी केव्हा झाली हे त्याच वेळी विचारून घ्यावे. ही माहिती पुढे नोंदीतही लागते.

तिसरी पायरी: साहित्य

दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, मोबाइल, वही, पेन्सिल, मऊ कुंचला, झाकणाच्या काही पारदर्शक बरण्या, मलमलीचे तुकडे आणि रबर एवढे पुरते. जाळी सुरुवातीला घेऊच नये. पायात घोटा झाकणारे बूट असावेत, कारण उसाच्या सरीत आणि सड्यावरच्या दगडांत साप असतात. अळीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. २०२२ साली राज्यभर चर्चेत आलेली घोणस अळी काटेरी केसांमुळे तीव्र आग करते आणि ती उसाच्या पानावर किंवा बांधावरच्या गवतात सहज नजर चुकवते.

चौथी पायरी: बसलेल्या माशीची पारख

प्रथम पंख मोजावेत. माशीला पंखांची एकच जोडी असते, तर मधमाशी आणि गांधीलमाशीला दोन. त्यानंतर पोटाचा मागचा भाग पाहावा. टॅकिनिड माशीच्या पोटावर जाड, ताठ आणि सुटे दिसणारे राठ केस असतात, विशेषतः टोकाकडे. घरमाशीचे पोट त्या मानाने गुळगुळीत वाटते. सर्वच टॅकिनिड अशा केसाळ नसतात, काही गुळगुळीत आणि नारिंगी पोटाच्याही असतात, म्हणून ही खूण पहिल्या अंदाजापुरतीच धरावी.

खरी खूण पाठीमागच्या बाजूला आहे. माशीच्या छातीच्या वरच्या भागाच्या शेवटी एक त्रिकोणी ढालीसारखा भाग असतो. टॅकिनिड माशीत या ढालीच्या बरोबर खाली, पोट सुरू होण्याआधी, आणखी एक फुगीर, गोलसर उशी स्पष्ट दिसते. घरमाशीत आणि मांसमाशीत ती अशी फुगलेली नसते. ही उशी वरून दिसत नाही. माशीच्या पातळीवर कॅमेरा आणून नेमक्या बाजूने छायाचित्र काढले तरच दिसते. वरून काढलेली दहा सुंदर छायाचित्रे या कामी बाजूच्या एका अंधूक छायाचित्राइतकीही उपयोगी पडत नाहीत.

सर्वांत जास्त फसवते ती मांसमाशी. करडी छाती, तिच्यावर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर प्रकाशाच्या कोनानुसार बदलणारा चौकटींचा नक्षा दिसला, तर ती मांसमाशी असण्याची शक्यता अधिक. चमकदार हिरव्या-निळ्या माश्या बहुधा शेणावरच्या किंवा कुजक्या मांसावरच्या असतात. मिशीवरचा बारीक केस भिंगातून दिसत असेल तर तोही पाहावा: घरमाशीत तो पिसासारखा फाटे फुटलेला असतो, टॅकिनिडमध्ये बहुधा साधा आणि बिनफाट्याचा.

वागणुकीवरून मिळणारी खूण नवख्याला लवकर साधते. फुलावरची माशी शांत असते, परंतु यजमान शोधणारी मादी पानावर चालत राहते, कडेला जाते, पानाच्या खालच्या बाजूला वळते, शेजारच्या पानावर उडी घेते आणि अळीने कुरतडलेल्या जागी किंवा विष्ठेपाशी जास्त रेंगाळते. पुष्कळ जातींच्या माद्यांना खाल्लेल्या पानाचा आणि अळीच्या विष्ठेचा वास मार्ग दाखवतो. अशी मादी दिसली की तिला पकडण्याऐवजी तिच्या आसपासच्या पानांवर अळी शोधावी. माशी चावत नाही आणि माणसाच्या किंवा जनावराच्या अंगात अंडी घालत नाही. गुरांच्या जखमेत अळ्या पडतात त्या निराळ्या कुळातील माशीच्या असतात. हे गोठ्यातल्या माणसांना आधीच सांगितलेले बरे, म्हणजे बरणीतल्या माश्यांवरून घरात वाद होत नाहीत.

पाचवी पायरी: अळी तपासणे

पूर्ण वाढीकडे झुकलेल्या मोठ्या अळ्या निवडाव्यात. हरभऱ्यावरील घाटे अळीच्या बाबतीत हा फरक ठळक आहे: लहान अळ्यांना कॅम्पोलेटिस ही परजीवी गांधीलमाशी गाठते, तर कार्सेलियासारख्या टॅकिनिड माश्या मोठ्या अळ्यांतून निघतात. लहान अळ्या गोळा करून टॅकिनिड मिळाली नाही, यात नवल नाही.

भिंग घेऊन प्रथम डोक्यामागचा आणि छातीवरचा भाग पाहावा. तिथे कातडीला घट्ट चिकटलेली, पांढरी, लंबगोल, वरून फुगीर अशी अंडी दिसली, तर ती बहुधा टॅकिनिडची असतात. मादी ही जागा बरेचदा निवडते, कारण अळीचे तोंड तिथवर पोहोचत नाही. कुंचल्याने हलकेच ढकलून पाहिले तर अंडे हलत नाही, भुकटी किंवा परागकण निघून येतात. याउलट अळीच्या अंगावर किंवा शेजारी कापसासारख्या पांढऱ्या बारीक कोषांचा पुंजका असेल, तर ते काम परजीवी गांधीलमाशीचे. तीही मित्रच, पण नोंद वेगळी करावी.

अंडे दिसणे म्हणजे अळीचा शेवट ठरला, असे मानू नये. अंडे उबण्यापूर्वी अळीने कात टाकली तर कातीबरोबर अंडेही गळून जाते आणि अळी वाचते. उलट अंगावर एकही अंडे नसलेल्या अळीतूनही माशी निघते, कारण साऱ्या जाती अंगावर अंडी घालत नाहीत. काही जाती नजरेला जवळजवळ न दिसणारी असंख्य बारीक अंडी पानावर पेरतात. अळी पानाबरोबर ती गिळते आणि अंडी तिच्या पोटात उबतात. काही जातींची मादी अंड्याऐवजी जिवंत अळीच ठेवते, आणि ती अळी स्वतः यजमानापर्यंत जाते.

या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण ऊसपट्ट्यातल्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स ही भारतीय टॅकिनिड माशी उसाच्या खोडकिडीवर वाढते. खोडकिडीची अळी कोंबाच्या आत सुरक्षित असते आणि माशीला आत शिरता येत नाही. म्हणून मादी छिद्राच्या तोंडाशी आपल्या सूक्ष्म अळ्या ठेवते आणि त्या बोगद्यातून सरपटत आतल्या किडीपर्यंत पोहोचतात. कराड, वाळवा, पलूस या भागांत लहान ऊस पोंगेमर झालेला दिसला, तर सुकलेला पोंगा उपटून कोंब उभा चिरावा. आत जिवंत अळी असेल तर ती कोंबाच्या तुकड्यासकट बरणीत घ्यावी. तपकिरी, दोन्ही टोकांना गोल असा कोष असेल, तर तो माशीचा असण्याची दाट शक्यता आहे. पतंगाच्या कोषावर पंखांच्या, पायांच्या आणि डोळ्यांच्या बाह्यरेखा दिसतात. माशीच्या कोषावर आडव्या वळ्यांखेरीज काही दिसत नाही. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मे काम झाले.

आणखी एक खूण म्हणजे कातडीवरचा काळा डाग. आत शिरलेल्या माशीच्या अळीला हवा लागते, म्हणून पुष्कळ जातींत ती यजमानाच्या कातडीशी किंवा श्वासनलिकेशी आपले मागचे टोक जोडून घेते. त्या जागी यजमानाचे शरीर प्रतिकार म्हणून गडद आवरण तयार करते, आणि माशीची अळी त्याच आवरणाचा श्वास घेण्याची नळी म्हणून उपयोग करते. यजमानाचा बचाव त्याच्याच मारेकऱ्याच्या उपयोगी पडावा, हा या कुळाच्या जीवनक्रमातील मला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो.

मक्याच्या पोंग्यातील अमेरिकन लष्करी अळीही तपासण्यासारखी आहे. ही कीड भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. परदेशातून आलेली असूनही इथल्या टॅकिनिड माश्यांनी तिला यजमान म्हणून स्वीकारले असल्याच्या नोंदी झाल्या आहेत. आपल्या शिवारातली नोंद याच कारणासाठी मोलाची ठरते.

सहावी पायरी: बरणीत वाढवणे

एका बरणीत एकच अळी ठेवावी. अनेक अळ्या एकत्र ठेवल्यास कोष कोणत्या अळीतून आला हे कळत नाही, शिवाय घाटे अळी आणि लष्करी अळी एकमेकींना खातात. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर चाळलेली, किंचित ओलसर माती घालावी, कारण माशीच्या बहुतेक अळ्या यजमानातून बाहेर पडल्यावर मातीत शिरून कोष करतात. तोंडाला मलमल बांधावी. खाद्य म्हणून ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पाने द्यावीत, आणि ती फवारलेली नाहीत याची खात्री करावी. शिळे पान आणि विष्ठा रोज काढावी; बरणीत बुरशी धरली की अळी आणि आतली माशी दोन्ही हातची जातात. बरणी उन्हात ठेवू नये, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून ती पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवावी.

यानंतर काय होईल ते अळीवर अवलंबून आहे. कधी अळी खाणे सोडते, मलूल होते आणि तिच्यातून एक किंवा अनेक पांढुरक्या अळ्या बाहेर पडतात. कधी ती नेहमीसारखा कोषही करते आणि माशीची अळी त्या कोषातून निघते. रुईवरच्या बिबळ्या कडवा फुलपाखराच्या टांगत्या कोषाखाली एखादा चिकट, पांढरट धागा लोंबताना दिसला, तर माशीची अळी त्या धाग्यावरून जमिनीवर उतरली असे समजावे. बाहेर पडलेली अळी काही तासांत आखडते, तिची कातडी कडक होऊन लालसर तपकिरी कोष बनतो, आणि उबदार हवेत साधारण एक ते दोन आठवड्यांत माशी बाहेर येते. थंडीत त्याहून अधिक वेळ लागू शकतो. या काळात माती पूर्ण वाळू देऊ नये आणि भिजवूही नये.

माशी कोषाचे एक टोक टोपणासारखे उघडून बाहेर येते. टोपण न उघडता कोषाच्या बाजूला कुरतडल्यासारखे छोटे छिद्र दिसले आणि बरणीत माशीऐवजी बारीक गांधीलमाशी फिरत असली, तर परजीवीवरही दुसरा परजीवी होता. ही निराशा नव्हे. अशी नोंद उलट दुर्मीळ असते. पतंगच निघाला तर तेही लिहून ठेवावे, कारण किती अळ्यांतून माशी निघाली नाही हे कळल्याशिवाय किती अळ्यांतून निघाली याला अर्थ राहत नाही.

नव्याने निघालेल्या माशीचे पंख पसरून कोरडे होऊ द्यावेत, मग छायाचित्रे घ्यावीत आणि अळी जिथून आणली त्याच शेतात तिला सोडावे. किडीचा पतंग मात्र सोडू नये.

कोयना आणि सागरेश्वर ही अभयारण्ये आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय अळी, कोष किंवा माशी काहीही उचलू नये. तिथे फक्त पाहावे आणि छायाचित्र घ्यावे. बरणीचे काम शेतापुरते आणि परसापुरते ठेवले तरी ते वर्षभर पुरते.

उपकारी, पण कोणाला

याच कुळातील उझी माशी रेशीमकिड्यावर वाढते आणि रेशीम उत्पादकाची मोठी शत्रू आहे. ती पश्चिम बंगालमध्ये जुनी होती. १९८० साली कर्नाटकात शिरली आणि तिथल्या तुतीच्या रेशीमशेतीला तिचा जबर फटका बसला. तिच्यापासून संरक्षण म्हणून कीटक संगोपनगृहाच्या खिडक्या-दारांना बारीक जाळी लावतात. म्हणून ज्या गावात तुतीची लागवड आहे तिथे अनोळखी कोष बाहेरून आणून उघडू नयेत, आणि बरणीतून निघालेली माशी कोणती हे माहीत नसेल तर ती संगोपनगृहाच्या आसपास मुळीच सोडू नये.

मोठ्या प्रमाणावरची उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत. फिजी बेटांवर नारळाची पाने फस्त करणाऱ्या लेवुआना पतंगावर १९२५ साली मलायातून बेसा रिमोटा ही टॅकिनिड माशी आणून सोडली आणि कीड आटोक्यात आली. अमेरिकेत १९०६ पासून कॉम्प्सिल्युरा ही माशी जिप्सी पतंग या किडीच्या बंदोबस्तासाठी युरोपातून आणून सोडली. ती तेवढ्यावर न थांबता तिथल्या मूळच्या अनेक जातींच्या अळ्यांवरही वाढू लागली. यावरून हौशी निरीक्षकाने घ्यायचा नियम सरळ आहे: एका तालुक्यातील माशी दुसऱ्या तालुक्यात नेऊन सोडण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

शेतात माश्या टिकवण्यासाठी

फवारणीपूर्वी शेतातून तिरपे चालत वीसेक मोठ्या अळ्या पाहाव्यात आणि त्यांपैकी किती अळ्यांवर पांढरी अंडी आहेत हे मोजावे. अंडी असलेल्या अळ्या हाताने वेचून मारू नयेत. त्यांचे खाणे चालू राहील, पण त्यांच्यातून पुढची माशी मिळेल. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असेल तर फवारणी टाळता येत नाही, हे मान्य करावे. परंतु सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारखी सर्वच कीटकांना मारणारी औषधे सकाळी माश्या फुलांवर असताना मारणे टाळता येते. बांधाचा प्रत्येक फुलोरा तणनाशकाने जाळण्याची जी सवय अलीकडे वाढली आहे, ती माझ्या मते फवारणीइतकीच घातक आहे, कारण तिने प्रौढ माशीचे अन्नच संपते. शेताच्या कडेला कोथिंबीर आणि बडीशेप यांची एक ओळ फुलावर सोडणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

कोणते औषध, किती प्रमाणात, हे मात्र जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राला किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारावे. उसाच्या किडींबाबत फलटण तालुक्यातील पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र जवळचे आहे.

नोंद आणि नमुना

प्रत्येक बरणीवर सुरुवातीलाच चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर गाव आणि तालुका, अळी सापडल्याची तारीख, यजमान झाड किंवा पीक, अळीचे नाव किंवा वर्णन, अंगावरच्या अंड्यांची संख्या, शेवटच्या फवारणीची तारीख, आणि पुढे कोष झाल्याची व माशी निघाल्याची तारीख लिहावी. शाई ओलाव्याने पसरते, म्हणून पेन्सिल वापरावी. छायाचित्रे वरून, नेमकी बाजूने, समोरून चेहऱ्याची आणि पंखाची अशी चार घ्यावीत आणि आयनॅचरॅलिस्टसारख्या मंचावर यजमानाच्या छायाचित्रासह टाकावीत. जातीपर्यंत ओळख मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. छायाचित्रावरून कूळ किंवा फार तर प्रजाती (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट) ठरते, पुढच्या ओळखीसाठी तज्ज्ञाला प्रत्यक्ष नमुना लागतो.

म्हणूनच बरणीत आपोआप मेलेली माशी फेकू नये. ती कागदाच्या छोट्या पुडीत, तिच्या रिकाम्या कोषासह आणि त्याच चिठ्ठीसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्यात सिलिका जेलची पुडी घालावी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. नमुना पाठवण्याची वेळ आली तर बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्थेला आधी पत्राने विचारून मगच पाठवावा, आणि पाठवताना रिकामा कोष माशीपासून वेगळा करू नये, कारण माशीच्या कोषाच्या मागच्या टोकावरील श्वासरंध्रांची ठेवणही तज्ज्ञाला ओळखीसाठी उपयोगी पडते.